घरातील शुश्रूषा : गुणवत्तेची पारख

‘आईसाठी चोवीस तासांची बाई ठेवली आहे,’ किंवा ‘बाबांकडे रात्रीचा ब्रदर येतो,’ ही वाक्ये आता आपल्या नित्याच्या संभाषणात रुळली आहेत. पुणे, ठाणे, नागपूर येथील घरांतच नव्हे, तर इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही ती ऐकू येतात. कुटुंबे लहान झाली, मुले नोकरीनिमित्त दूर गेली, घरातील स्त्रियाही अर्थार्जनासाठी बाहेर पडल्या. आणि त्याच काळात वैद्यकशास्त्राच्या प्रगतीमुळे आयुर्मान वाढले. पूर्वी रुग्णालयात दीर्घकाळ चालणारी शुश्रूषा आता पुष्कळदा घरातील एका खोलीत चालते.

या प्रश्नाचा आवाका आकड्यांवरूनही लक्षात येतो. २००१ च्या जनगणनेत साठ वर्षे व त्यावरील वयाच्या नागरिकांची संख्या सुमारे ७.७ कोटी होती. २०११ मध्ये ती सुमारे १०.४ कोटी झाली. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहभागाने २०१७-१८ मध्ये देशभर करण्यात आलेल्या वार्धक्यविषयक पाहणीत असे आढळले की, साठीपुढील जवळजवळ एक चतुर्थांश व्यक्तींना स्नान, कपडे घालणे, चालणे यांसारख्या दैनंदिन क्रियांपैकी किमान एका क्रियेत अडचण येते. याखेरीज अपघाताने अपंगत्व आलेले तरुण, दीर्घ आजाराचे रुग्ण, बहुविकलांग मुले यांनाही घरी साहाय्य लागते. म्हणजे आज ना उद्या हा विषय बहुतेक घरांच्या उंबऱ्याशी येणारच आहे.

अशी सेवा घेताना आपण दर काय, बाई कधीपासून येईल, सुट्टी किती, एवढी चौकशी करतो. परंतु मिळणारी सेवा चांगली आहे की नाही, हे ठरवायचे कसे, याचा विचार क्वचितच केला जातो. प्रस्तुत लेखात त्याचाच ऊहापोह करावयाचा आहे.

पारख अवघड का?

रुग्णालयात एका खाटेवरील हेळसांड शेजारच्या खाटेवरील नातेवाइकाच्या दृष्टीस पडते; डॉक्टर, परिचारिका, पर्यवेक्षक यांची ये-जा असते. घराचे दार मात्र सकाळी नऊ वाजता बंद होते आणि संध्याकाळी सातला उघडते. मधले दहा तास आत दोनच माणसे असतात : एक साहाय्य करणारा आणि दुसरा त्या साहाय्यावर सर्वस्वी अवलंबून असलेला. ज्याच्या हातून पाण्याचा पेला मिळायचा, त्याच्याविषयी तक्रार करणे सोपे नसते. कित्येकांना पक्षाघातामुळे बोलता येत नाही, काहींना स्मृतिभ्रंशामुळे सांगता येत नाही, तर काहीजण मुलांना त्रास नको म्हणून गप्प राहतात. शिवाय सेवेचे मूल्य देणारा वेगळा आणि सेवा घेणारा वेगळा, अशी विभागणी झालेली असते. पैसे देणारा दूरध्वनीवरून चौकशी करतो, ‘सगळे ठीक आहे’ असे उत्तर येते आणि तो निश्चिंत होतो.

कायद्याचा आधारही या बाबतीत अपुरा आहे. मातापिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ या कायद्याने निर्वाहाचा हक्क दिला. परंतु घरी माणूस पुरविणाऱ्या संस्थांचे नियमन त्यात नव्हते. या संस्थांची नोंदणी व किमान मानके यांची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडण्यात आले. मात्र ते संमत होण्यापूर्वीच त्या लोकसभेची मुदत २०२४ मध्ये संपली. तेव्हा पारख करण्याची मुख्य जबाबदारी आज तरी कुटुंबावरच येऊन पडते.

तीन पायऱ्या : रचना, प्रक्रिया, फलित

वैद्यकीय सेवेची गुणवत्ता कशी तपासावी, या विषयाचा पाया १९६६ साली आव्हेदिस दोनाबेदियन या अमेरिकेतील अभ्यासकाने घातला. त्यांनी सांगितलेल्या तीन पायऱ्या आजही जगभर वापरल्या जातात. पहिली पायरी रचनेची : माणसे कोण आहेत, त्यांचे प्रशिक्षण काय, साधने कोणती. दुसरी प्रक्रियेची : प्रत्यक्ष काम कसे केले जाते. तिसरी फलिताची : त्या कामामुळे रुग्णाच्या स्थितीत काय फरक पडला. आपण बहुधा पहिल्या पायरीवरच थांबतो. ब्यूरोचे कार्यालय नीटनेटके आहे, बाई गणवेशात येते, दर भक्कम आहे, एवढ्यावरून सेवा चांगली असल्याचे गृहीत धरतो.

आधी गरज लिहून काढावी

पारख करण्यापूर्वी आपली गरज नेमकी काय आहे, हे ठरले पाहिजे. त्यासाठी सिडनी कॅट्झ या अमेरिकी वैद्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेली साधी मोजपट्टी उपयोगी पडते. तीत सहा क्रिया आहेत : स्नान, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, बिछान्यातून उठून खुर्चीत बसणे व परत जाणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि स्वतःच्या हाताने जेवणे. जी क्रिया व्यक्ती दुसऱ्याच्या मदतीवाचून करते तिला एक गुण, जी करू शकत नाही तिला शून्य. सहापैकी किती गुण, हे सेवा सुरू होण्याच्या पहिल्या दिवशी तारखेसह वहीत लिहून ठेवावे. लॉटन व ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये यापुढच्या आठ क्रियांची यादी दिली. दूरध्वनी, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे आणि पैशांचे व्यवहार यांचा तीत समावेश आहे. ज्यांचे चलनवलन चांगले आहे, त्यांच्यासाठी ही दुसरी यादी अधिक योग्य.

या नोंदीवरून कोणत्या प्रकारचा माणूस हवा, हेही स्पष्ट होते. नाकातील नळीने अन्न देणे, इंजेक्शन, जखमेचे ड्रेसिंग, मूत्रनलिकेची काळजी ही प्रशिक्षित परिचारिकेची कामे आहेत. अशा परिचारिकेची राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते व ती दाखविण्यास सांगावे. अंघोळ घालणे, कूस बदलणे, भरविणे, फिरवून आणणे ही कामे मदतनीस करू शकतो. त्यासाठी आरोग्य क्षेत्र कौशल्य परिषदेने ‘होम हेल्थ एड’ व ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ असे अभ्यासक्रम निश्चित केले आहेत. मदतनिसाकडून परिचारिकेचे काम करवून घेणे धोक्याचे असते, हे दोन पैसे वाचविताना विसरू नये.

ब्यूरोला विचारावयाचे प्रश्न

माणूस पाठविण्यापूर्वी संस्थेने घरी येऊन रुग्णाची पाहणी केली काय? येणाऱ्या व्यक्तीची पोलीस पडताळणी व ओळखपत्र यांची प्रत मिळेल काय? ती आजारी पडल्यास बदली माणूस किती वेळात येईल आणि त्याला रुग्णाची माहिती कोण देईल? महिन्यातून एकदा तरी पर्यवेक्षक घरी येतो काय? तक्रार कोणाकडे करावयाची? आपण दिलेल्या रकमेपैकी प्रत्यक्ष काम करणाऱ्या व्यक्तीच्या हाती किती पडते? शेवटचा प्रश्न अनेकांना अप्रस्तुत वाटेल. पण माणूस टिकणार की दर पंधरा दिवसांनी बदलणार, याचे उत्तर पुष्कळदा त्यातच असते. अटी तोंडी न ठेवता एका पानावर लिहून घ्याव्यात.

कामाची पद्धत पाहावी

समजा, पक्षाघातानंतर एक गृहस्थ रुग्णालयातून घरी आले आहेत. त्यांची उजवी बाजू लुळी आहे व गिळताना ठसका लागतो. त्यांच्या शुश्रूषेत काही गोष्टी डोळ्यांनी पाहता येतात. मदतनीस त्यांना उठविताना लुळा हात धरून ओढतो काय? तसे केल्यास खांद्याच्या सांध्याला इजा होते. भरविताना त्यांना सरळ बसविले जाते की आडवेच ठेवून घास दिला जातो? आडव्या माणसाच्या श्वासनलिकेत अन्न जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून जेवणानंतरही सुमारे अर्धा तास त्यांना बसते ठेवावे लागते. कूस ठरावीक अंतराने, सामान्यतः दर दोन तासांनी, बदलली जाते काय? स्वच्छतेनंतर व जेवण देण्यापूर्वी साबणाने हात धुतले जातात काय? औषध दिल्याची वेळ वहीत त्याच क्षणी लिहिली जाते की दिवसाअखेर सगळ्या रकान्यांत एकदमच खुणा केल्या जातात?

यापेक्षा नाजूक अशा गोष्टीही आहेत. अंग पुसताना दार लोटून घेतले जाते काय? पडदा, चादर यांनी आवश्यक तेवढे झाकले जाते काय? ‘आता कूस बदलूया हं, काका,’ असे सांगून हात लावला जातो की सामान हलवावे तसे हलविले जाते? मदतनीस रुग्णाशी बोलतो की दिवसभर मोबाइलमध्येच गुंतलेला असतो? यांतील एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत. पण साहाय्य घेणाऱ्या माणसाचा आत्मसन्मान त्यांवरच अवलंबून असतो.

ही पाहणी ठरलेल्या वेळी करण्याऐवजी अधूनमधून, निरनिराळ्या वेळी करावी. गावात नातेवाईक नसतील तर शेजारी, जुने सहकारी, ज्येष्ठ नागरिक संघातील स्नेही यांना आठवड्यातून एखादी फेरी मारण्याची विनंती करावी. खोलीत कॅमेरा बसविण्याचा विचार असल्यास तो रुग्ण व मदतनीस या दोघांच्याही संमतीने बसवावा. स्नान व वस्त्रे बदलण्याच्या जागी तो कदापि नसावा.

फलित : काय टिकले, काय परत मिळाले

आता सर्वांत महत्त्वाच्या पायरीकडे वळू. ‘आमची बाई फार चांगली आहे, आईला हातसुद्धा हलवू देत नाही,’ अशी प्रशंसा आपण ऐकतो. वस्तुतः ही प्रशंसा चिंतेचा विषय ठरावी. जी आई पहिल्या दिवशी वाटी-चमच्याने स्वतः खात होती, तिला लवकर उरकावे म्हणून भरवायला सुरुवात केली, तर काही आठवड्यांत तिची ती सवय जाते आणि मग शक्तीही जाते. स्नायू न वापरल्याने क्षीण होतात. आणि उतारवयात गेलेली क्षमता परत मिळविणे कष्टाचे असते. हेळसांड वाईट हे सर्वांना कळते. परंतु अतिसेवाही माणसाला अंथरुणाला खिळविते, हे ध्यानात येत नाही. चांगला मदतनीस शर्टाची एक बाही स्वतः घालतो व दुसरी घालण्यासाठी थांबतो. त्या थांबण्याला पाच मिनिटे अधिक लागतात. गुणवत्ता त्या पाच मिनिटांत असते.

म्हणून दर महिन्याला कॅट्झ यांची सहा कलमे पुन्हा तपासावीत आणि पहिल्या दिवसाच्या नोंदीशी ताडून पाहावीत. त्यासोबत वजन, कातडीची स्थिती, पडण्याचे प्रसंग आणि अकस्मात रुग्णालयात न्यावे लागल्याचे प्रसंग यांची नोंद करावी. माकडहाड, टाचा, कंबरेच्या बाजू येथे दाबल्यावरही न जाणारा लालसरपणा दिसला, तर ती शय्याव्रणाची पहिली सूचना असते. तो दिसताच डॉक्टरांना दाखवावे. काळजीपूर्वक शुश्रूषेने अशी बरीचशी व्रणे टाळता येतात. म्हणून नवा व्रण दिसल्यास शुश्रूषेचीही तपासणी करणे अगत्याचे असते.

अर्थात, प्रत्येक आजारात सुधारणा शक्य नसते. स्मृतिभ्रंश किंवा कंपवात यांत गुण हळूहळू घटणारच. त्याचा दोष मदतनिसाला देणे अन्यायाचे होईल. तेथे वेदना आटोक्यात आहेत काय, झोप लागते काय, चेहऱ्यावर भीती दिसते की स्वस्थता, हे पाहावयाचे. केरळ राज्याने याबाबत अनुकरणीय काम केले आहे. कोझिकोड येथे १९९३ साली सुरू झालेल्या परिहार सेवेच्या चळवळीतून प्रशिक्षित स्वयंसेवक व परिचारिका घरोघरी जाऊ लागल्या आणि २००८ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर करून स्थानिक स्वराज्य संस्थांना त्यात सामील करून घेतले. शेजाऱ्यांचे नियमित येणे-जाणे हीच तेथे गुणवत्तेची एक राखण ठरली.

परदेशांचा अनुभव

ज्या देशांत ही सेवा जुनी आहे, त्यांच्याकडून काही शिकता येते. जपानमध्ये एप्रिल २००० पासून शुश्रूषा विमा योजना लागू झाली. तीत प्रत्येक लाभार्थ्यासाठी नेमलेला सेवा-व्यवस्थापक नियमितपणे घरी जाऊन आखलेली योजना लागू पडते आहे की नाही, हे पाहतो. इंग्लंडमध्ये २००९ पासून कार्यरत असलेला नियामक आयोग गृहसेवा संस्थांना पाच प्रश्न लावतो : सेवा सुरक्षित आहे काय, परिणामकारक आहे काय, जिव्हाळ्याची आहे काय, गरजेनुसार बदलते काय आणि संस्थेचे नेतृत्व सक्षम आहे काय. हे पाच प्रश्न आपल्याला घरीही विचारता येतील.

जर्मनीचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. तेथे २००९ पासून शुश्रूषा संस्थांना शाळेतल्यासारखी श्रेणी देऊन ती प्रसिद्ध करण्यात येऊ लागली. थोड्याच काळात बहुतेक सर्व संस्था वरच्या श्रेणीत जाऊन बसल्या. कारण तपासणीचा भर कागदोपत्री नोंदींवर होता आणि महत्त्वाच्या शुश्रूषेतील उणीव किरकोळ बाबींतील चांगल्या गुणांनी भरून निघत असे. अखेर २०१९ मध्ये निवासी शुश्रूषागृहांसाठी ती पद्धत बदलावी लागली. तात्पर्य, वहीतील रकाने भरलेले असणे आणि माणसाची काळजी घेतली जाणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. वही हवीच; पण वही वाचून झाल्यावर माणसाकडे पाहावे.

शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा

‘शुश्रूषा’ या संस्कृत शब्दाचे मूळ ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूत आहे. त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा होतो. सेवेच्या पारखीचे सूत्र या शब्दातच सामावलेले आहे. ज्याची सेवा होते, त्याचे म्हणणे मदतनिसाच्या अनुपस्थितीत, निवांतपणे ऐकावे. ‘सगळे ठीक आहे ना?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर ‘हो’ असेच येते. ‘काल अंघोळ कधी झाली? पाणी गरम होते का? रात्री हाक मारल्यावर कोण आले? कोणती गोष्ट तुम्हाला स्वतः करावीशी वाटते?’ असे नेमके प्रश्न विचारावेत. ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्याशी मानेने अथवा डोळ्यांच्या खुणेने ‘हो’-‘नाही’ ठरवून घ्यावे. मदतनीस खोलीत येताच अंग आक्रसणे, एकाएकी जेवण टाकणे, अंगावर कारण न सांगता येणारे वळ असणे, या खुणांकडे दुर्लक्ष करू नये. छळाची शंका आल्यास संस्थेला कळवून थांबू नये. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनची अथवा पोलिसांची मदत घ्यावी.

सेवा करणाऱ्याचीही बाजू

चोवीस तासांची ड्यूटी म्हणजे चोवीस तास जागरण नव्हे. रात्री चार वेळा उठणाऱ्या माणसाला दिवसा सलग झोप मिळाली नाही, तर चूक होणारच. त्याच्या विश्रांतीची जागा, वेळेवर जेवण, आठवड्याची सुट्टी, जड रुग्णाला उचलताना दुसऱ्याचा हात, या गोष्टी कुटुंबाने पुरवावयाच्या आहेत. त्याला स्वयंपाक, धुणीभांडी, मुलांची ने-आण अशा जादा कामांना जुंपल्यास रुग्णाचाच वेळ कमी होतो. मदतनीस स्त्रीची सुरक्षितता ही देखील घराचीच जबाबदारी आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यात ‘घर’ हेही कामाचे ठिकाण मानलेले आहे. संस्थेची पारख करताना कुटुंबाने स्वतःलाही हे प्रश्न विचारावेत.

पैशांचे व्यवहार

बँकेच्या ग्राहकांसाठी या विषयाची आणखी एक बाजू महत्त्वाची आहे. मदतनिसाला अथवा संस्थेला पैसे शक्यतो खात्यातूनच द्यावेत. त्यामुळे नोंद राहते आणि मदतनिसाच्याही हाती पुरावा येतो. रुग्णाचे एटीएम कार्ड, पिन, ओटीपी अथवा सही केलेले कोरे धनादेश कोणाच्याही हाती देऊ नयेत. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार ७० वर्षांवरील ज्येष्ठ नागरिकांना, तसेच दिव्यांग व दीर्घ आजारी अशक्त ग्राहकांना रोख रक्कम पोहोचविणे, धनादेश स्वीकारणे, हयातीचा दाखला घेणे अशा सेवा घरपोच देण्याची व्यवस्था बँकांनी करावयाची आहे. २०१४ पासून हयातीचा डिजिटल दाखलाही देता येतो. सही करता येत नसल्यास दोन साक्षीदारांसमक्ष, त्यांपैकी एक बँकेचा अधिकारी, अंगठ्याच्या ठशावर रक्कम काढण्याची सोय आहे. याची चौकशी आपल्या शाखेत अवश्य करावी.

मुखत्यारपत्राविषयी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. ते देणाऱ्या व्यक्तीची निर्णयक्षमता नष्ट झाल्यास सर्वसाधारण मुखत्यारपत्राचा अधिकारही संपतो. त्यामुळे स्मृतिभ्रंशाची लक्षणे दिसू लागताच, व्यक्ती स्वतः निर्णय घेऊ शकते आहे तोवरच, संयुक्त खाते, नामनिर्देशन व इतर व्यवस्था तिच्या इच्छेनुसार पूर्ण करणे श्रेयस्कर.

वाचकहो, आपल्या घरी अशी सेवा सुरू असेल, तर येत्या रविवारी अर्धा तास काढावा. एक वही घ्यावी, सहा क्रियांची नोंद करावी, टाचा व पाठ डोळ्यांनी पाहावी आणि मग खुर्ची बिछान्याजवळ ओढून, घाई न करता, त्या व्यक्तीला काय सांगावयाचे आहे ते ऐकावे. शक्य असल्यास मदतनिसाचेही दोन शब्द ऐकावेत. दर महिन्याला एवढे केले, तरी बंद दारामागील दहा तासांवर कोणाची तरी नजर आहे, हे घरातील सर्वांना कळेल. आणि जे बोलू शकत नाहीत, त्यांची बाजूही कोणीतरी ऐकते आहे, असा दिलासा त्यांना मिळेल.